पंचविशीनंतरचे शंभर मीटर

माझा एक मावसभाऊ आहे. नाव लिहीत नाही, कारण घरातली निम्मी मंडळी हे वाचतात आणि तो स्वतःही वाचतो. माझ्यापेक्षा बराच लहान, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला नुसतं 'बाबू' म्हणतात. गाव मूर्तिजापूरजवळ, अकोल्याहून अमरावतीला जाताना लागतं. या बाबूने 2023 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, अमरावतीच्या एका कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं आणि पहिल्याच महिन्यात खेळाच्या सरांकडे जाऊन सांगितलं, "सर, मी 100 मीटर पळतो."

सरांनी काय विचारलं असेल? वेळ किती लागते? सराव कुठे करतोस? नाही. त्यांनी जन्मतारीख विचारली. आणि ती ऐकून म्हणाले, "अरे, तू तर बाहेर आहेस."

सरांचं काही चुकलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी भारतीय विद्यापीठ महासंघाचा नियम आहे, खेळाडू 17 ते 25 या वयातला हवा. कॉलेज मुलं निवडतं ती विद्यापीठासाठी आणि विद्यापीठ निवडतं ते आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी, म्हणून वरचा नियम झिरपत झिरपत पार खालच्या मैदानापर्यंत येतो. बाबूने वर्गात बसायला कोणाची हरकत नव्हती. फी भरायला तर नव्हतीच नव्हती :) हरकत होती ती फक्त फक्कीच्या पांढऱ्या रेघेमागे उभं राहायला.

तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट त्याच हिवाळ्यात अकोल्याला एका लग्नात सगळे जमलो होतो, बाबूच्या पळण्याचा विषय निघाला आणि मीच मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "अबे, ते पोट्टे तुले काका म्हनतीन!" पंगतीत हशा पिकला. मावशीने तेवढ्यात आपलं घोडं दामटलं, "काहाले पयतं रे बाप्पा? लगन कर आता. घुडगे फुटतीन एखांद्या दिवशी." बाबूही हसला. मग वाढप्याला थांबवून त्याने पानात थोडी वांग्याची भाजी घेतली आणि बराच वेळ वर पाहिलंच नाही. ते मला आत्ता आठवतंय, तेव्हा दिसलं नव्हतं.

तर आज लिहायचं आहे ते त्या हशाबद्दल. आणि त्या पंचवीस नावाच्या आकड्याबद्दल.

बाबूची मधली वर्षं कुठे गेली ते आधी सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. अकरावीत असताना शालेय जिल्हा स्पर्धेत तो अकोल्याच्या वसंत देसाई क्रीडांगणावर अनवाणी पळाला आणि दुसरा आला. 2014 ला बारावी झाली आणि त्याच पावसाळ्यात काका अंथरुणाला खिळले. शेत पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खणून ओलित करावं म्हटलं तर जमीनच बिघडायची भीती. म्हणजे कपाशी, तूर, हरभरा जे काय असेल ते बरंचसं पावसाच्या भरवशावर. अठरा वर्षांच्या पोराने ते शेत ओढलं, दोन बहिणींची लग्नं केली, काकांच्या औषधपाण्याचं पाहिलं. नऊ वर्षं अशी गेली. कोणी म्हणेल वाया गेली. मी नाही म्हणणार, दोन बहिणींचे संसार उभे आहेत त्या वर्षांवर.

या सगळ्यात पळणं मात्र सुटलं नाही, आणि त्याचं श्रेय पोलीस भरतीला. पहाटे वऱ्हाडातल्या कुठल्याही रस्त्यावर जाऊन पाहा, अंधारात पोरांचे थवे पळताना दिसतात. कोणाच्या पायात फाटके कॅनव्हास, कोणाच्या पायात काहीच नाही. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटरला 20 गुण, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. बाबूने 100 मीटरला दर वेळी चांगले गुण घेतले आणि दर वेळी लेखी परीक्षेत राहिला. कॉलेजात नाव घातलं तेही त्यामुळेच. "शिकल्याबिगर लेखी निंघत नाही दादा," म्हणाला.

आता गंमत बघा. पोलीस शिपायाच्या भरतीत खुल्या गटाची वयोमर्यादा 28, मागासवर्गीयांची 33. म्हणजे चोराच्या मागे धावायला सरकारला अठ्ठावीस वर्षांचे, तेहतीस वर्षांचे पाय चालतात. त्यांच्या 100 मीटरला ते रीतसर घड्याळ लावतं, गुण देतं, त्यावर नोकरी देतं. पण तेच पाय कॉलेजच्या बनियनमध्ये आले की पंचविशीला म्हातारे होतात!

बरं, वेग वयानुसार कमी होतो हे काही खोटं नाही. वेगाने आखडणारे स्नायूंचे तंतू वयाबरोबर बारीक होत जातात, टाच लांब पडेनाशी होते, मांडीची मागची शीर एकदा दुखावली की विशीत आठवड्यात बरी व्हायची ती महिना घेते. पण हे काही पंचविसाव्या वाढदिवसाला केक कापताना होत नाही. धावपटूची सगळ्यात चांगली वर्षं साधारण पंचविशीच्या आसपासची आणि लगेच पुढचीच धरतात. त्यानंतर उतार लागतो तोही कडा नसतो, पठारावरून हळूहळू खाली येणारी वाट असते.

उदाहरणं हवी असतील तर देतो. स्कॉटलंडचा अ‍ॅलन वेल्स आधी उड्या मारायचा, धावण्याकडे उशिरा वळला आणि 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये 100 मीटरचं सुवर्ण जिंकला तेव्हा 28 वर्षांचा होता. 1992 ला बार्सिलोनात लिनफर्ड क्रिस्टी जिंकला तो 32 व्या वर्षी. जमैकाच्या शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइसला 2017 मध्ये मुलगा झाला, 2019 मध्ये दोह्याला ती 100 मीटरची जगज्जेती झाली, वय 32. सेंट किट्सचा किम कॉलिन्स 2016 मध्ये 9.93 सेकंदांत पळाला तेव्हा चाळिशी ओलांडून गेला होता. आणि मर्लिन ऑटी तर 2012 च्या युरोपियन स्पर्धेत स्लोव्हेनियाच्या रिलेत धावली ती वयाच्या 52 व्या वर्षी. ही जगावेगळी माणसं आहेत, कबूल. बाबू त्यांच्यातला नाही. पण शरीर काय करू शकतं याची सीमारेषा कुठवर आहे, एवढं तरी त्यांच्यावरून कळतं.

यातला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मात्र वेगळाच माणूस, आर्थर विंट. हाही जमैकाचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता. युद्ध संपल्यावर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात डॉक्टरकी शिकायला लागला. म्हणजे वर्गात बाकीच्यांपेक्षा चांगलाच थोराड विद्यार्थी. 1948 ला लंडनमध्येच ऑलिंपिक भरलं आणि या 28 वर्षांच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याने 400 मीटर 46.2 सेकंदांत पळून जमैकाला तिचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. रिलेत मात्र पायात गोळा आला आणि त्याला मध्येच थांबावं लागलं. चार वर्षांनी हेलसिंकीत, वयाच्या 32 व्या वर्षी, जमैकाने तीच रिले जिंकली आणि त्यात तो होता. पुढे तो डॉक्टर झाला, आपल्या देशाचा ब्रिटनमधला उच्चायुक्तही झाला.

विंटची वर्षं लढाईने खाल्ली होती, त्यामुळे त्याच्या वयाबद्दल कोणी हसलं नसेल. सैनिक परत आला आहे, शिकू द्या, पळू द्या. आमच्या बाबूची वर्षं शेताने खाल्ली. त्याला मात्र काका.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. तो 100 मीटरवाला नाही, 3000 मीटर स्टीपलचेसवाला, पण उशिरा सुरुवात करणाऱ्यांचा मेरुमणी. बारावीनंतर लष्करात गेला, सियाचीनसारख्या ठिकाणी राहिला आणि स्पर्धेतलं पळणं खऱ्या अर्थाने सुरू केलं 2015 मध्ये, विशी उलटल्यावर. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत. त्याच्यासाठी लष्कराचं दार उघडं होतं. ज्याच्यासाठी ते उघडं नव्हतं आणि ज्याला एकविसाव्या ऐवजी सत्ताविसाव्या वर्षी पहिली फुरसत मिळाली, त्याने कुठे जावं?

तुम्ही म्हणाल, खुल्या स्पर्धा असतात की. असतात. जिल्ह्याच्या, राज्याच्या खुल्या गटाला वरची वयोमर्यादा नसते. पण तिथे वर्षानुवर्षं प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेली मुलं असतात. नऊ वर्षं औत धरलेल्या माणसाची ती पहिली पायरी होऊ शकत नाही. आणि प्रौढांचं मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स सुरू होतं 35 व्या वर्षी. म्हणजे 25 ते 35 या दहा वर्षांत, अंगात वेग असताना, साध्यासुध्या पळणाऱ्याला हक्काची रेघच नाही. विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेतही हेच झालं. 2017 च्या तैपेईच्या स्पर्धेपर्यंत मर्यादा 28 होती, 2019 च्या नापोलीच्या वेळी ती 25 झाली. सगळीकडे दार आणखी थोडं लोटलंच गेलं.

दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर सर म्हणतील हा लेखक एकतर्फी लिहितो. वयाची अट कोणाला छळायला केलेली नाही. ती नसली तर नुसतं खेळण्यासाठी दरवर्षी नव्या अभ्यासक्रमाला नाव घालणारे, वर्गाचं तोंडही न पाहणारे कसलेले खेळाडू वर्षानुवर्षं विद्यापीठाच्या संघात ठाण मांडून बसतील. ट्रॅकवर रेघा आठच. तिथे एक तिशीचा तयार गडी उभा राहिला तर अठरा वर्षांच्या एका पोराची जागा गेली. ते पोर कदाचित अनवाणी आलेलं असेल, बाबूसारखंच. हे सगळं मला पटतं. त्यामुळे पंचविशीची अट काढून टाका असं मी म्हणत नाही. पदकं, गुण, विद्यापीठाचा ब्लेझर, सगळं पंचविशीच्या आतल्यांनाच राहू दे.

मी मागतोय ते फार थोडं आहे. कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धेत, अंतिम शर्यत झाल्यावर, एक खुली शर्यत ठेवा. रीतसर प्रवेश घेतलेला, हजेरी भरलेला कोणीही विद्यार्थी तिच्यात पळेल, वय काही असो. गुण नाहीत, पदक नाही, निवड नाही. फक्त पंच, घड्याळ आणि नोंदवहीत वेळेची एक ओळ. किती वेळ लागेल? पंधरा सेकंद. प्रमुख पाहुण्यांच्या सत्कारातला एक हार कमी केला तरी निघेल.

हे मी आपल्याच विद्यापीठाला का सांगतोय? कारण अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांचं हे विद्यापीठ 1983 मध्ये नागपूरपासून वेगळं झालं, ते इथल्या पोरांना शिक्षण जवळ यावं म्हणून. आणि इथल्या पोरांची आयुष्यं वेळापत्रकाने चालत नाहीत. कोणी दुष्काळाने थांबतं, कोणी भरतीच्या नादात, कोणी बापाच्या आजारपणात. मुलींचं तर विचारूच नका. बारावी होते ना होते तोच लग्न, मग मूल, आणि ते शाळेत जाऊ लागलं की सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी सासरच्यांची मनधरणी करून कॉलेजला प्रवेश. अशी एखादी मुलगी शाळेत असताना तालुक्यात पहिली आलेली असू शकते. तिला पुन्हा एकदा पळावंसं वाटत असेल का, हे आपण कधी विचारलंच नाही, कारण शर्यतच नाही तर विचारायचं कशाला?

आणि अमरावतीला हे नवीन नाही. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याच गावात आहे. 1936 ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला त्याच मंडळाचं पथक गेलं होतं. आखाड्याची रीत कशी असते? लहानगा खाली लंगोट कसत असतो, शेजारी त्याचा काका जोर मारत असतो आणि मास्तर दोघांनाही सारखंच रागावतात. मातीत उतरायला जन्माचा दाखला लागत नाही. स्पर्धा वेगळी आणि आखाडा वेगळा हे खरं, पण कॉलेजच्या मैदानाने थोडा आखाड्याचा गुण घ्यायला काय हरकत आहे?

असो. बाबूचं पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो.

2024 च्या सुरुवातीला कॉलेजचं गॅदरिंग होतं. त्याच्या आधी दोन दिवस खेळ. त्यात सरांनी स्वतःहून त्याचं नाव घातलं. "हे कॉलेजच्या आतलं आहे, इथे पळ," म्हणाले. म्हणून म्हटलं सरांचं काही चुकलं नव्हतं. बाबूने मला फोन केला. "दादा, येशीन का?" मी गेलो. अकोल्याहून गाडी काढली, वाटेत गावाला थांबून मावशीला घेतलं. रस्ता आता गुळगुळीत आहे. 2022 च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरचा पट्टा डांबरी करून जागतिक विक्रम झाला होता. मावशीला ते सांगितलं तर म्हणाली, "मंग आमच्या गावात याचा रस्ता काऊन नाही झाला?" याला उत्तर नव्हतं.

मैदान काळ्या मातीचं, फक्कीच्या रेघा थोड्या वाकड्या. शर्यत शिट्टीवर सुटायची. पोरं खरंच म्हणाली, "काका, बाजूनं घ्या!" मला माझंच पंगतीतलं वाक्य ऐकू आल्यासारखं झालं आणि मी उगाच चपलेतला खडा काढत बसलो. बाबूने काही ऐकलं नाही. तो खाली वाकून हाताच्या बोटांनी माती बाजूला करत होता, जागा सारखी करत होता. नऊ वर्षं शेतात जशी करायचा तशीच.

सुटले. पहिल्या तीस मीटरमध्ये तो चौथा-पाचवा होता. मग सरळ झाला आणि अंग मोकळं सुटलं. तिसरा आला. पुढचे दोघं एकोणीस-वीस वर्षांचे. सरांच्या हातातल्या घड्याळात 11.8. हातघड्याळाच्या वेळेत 0.24 मिळवतात, म्हणजे खरी वेळ 12 च्या थोडी वर. देशाचा विक्रम 2025 मध्ये अनिमेष कुजूरने 10.18 वर नेला, त्याच्या पासंगालाही पुरणार नाही अशी वेळ. हे बाबूला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी गुडघ्यावर हात टेकून, धापा टाकत त्याने पहिला प्रश्न विचारला तो "कितवा आलो" नव्हता. "सर, किती?"

मी त्याला म्हणालो, बाबू, त्या दिवशी लग्नात मी जे बोललो ते बोलायला नको होतं. तो म्हणाला, "जाऊ द्या ना दादा. मले मेडल नाही पाह्यजे होतं. मले फक्त पाह्यचं होतं, शाळेतल्यापेक्षा किती कमी झालो." मग हिशेब करून सांगितलं, शाळेत अनवाणी 12.1 होती. म्हणजे कमी नाही, जास्तच झाला होता! नऊ वर्षांनी, नांगर ओढून, तीन दशांश सेकंद जास्त वेगवान. हे त्याला इतकी वर्षं माहीत नव्हतं, कारण नीट रेघा मारून, घड्याळ लावून त्याला कोणी पळवलंच नव्हतं. भरतीतल्या वेळेवर त्याचा भरवसा नव्हता, "तिथं आपन पोटासाठी पयतो" असं त्याचं म्हणणं.

मी खुली शर्यत मागतोय ती एवढ्यासाठीच. जिंकायला नाही. पळणाऱ्याला आपली वेळ कळावी म्हणून.

मावशी परतीच्या वाटेत गप्प होती. गाव आल्यावर उतरताना म्हणाली, "पयतानी ह्याच्या बापावानी दिसते." लग्नाचा विषय त्या दिवशी निघाला नाही. (मावशी, हे वाचत असशील तर रागावू नकोस. पण निघाला नव्हता हे खरं आहे :) )

बाबू अजून पळतो. सुट्टीला गावी गेलो की पहाटे साडेपाचला मला उठवतो आणि मोबाइलचं घड्याळ हातात देतो. रस्त्यावर दोन दगडांमध्ये 100 मीटर मोजून ठेवलेले आहेत. मी दुसऱ्या दगडापाशी थंडीत कुडकुडत उभा राहतो. पंच म्हणून मला काही पात्रता नाही, पण वय मी विचारत नाही.